वाटेत काही मिळत नाही: घरच्यांना घेऊन कूबर पीडीला

पोरगा ॲडलेडला स्थायिक झाला की कोकणातून गेलेल्या आईबापांना पहिल्याच रविवारी काय दाखवतो? समुद्र. जन्मभर पाहिला तोच, फक्त वारा जास्त आणि किनाऱ्यावर लिलाव नाही. मी चिरेखाणवाला माणूस, वेंगुर्ले तालुक्यात आमची जांभ्याची खाण. मुलाला म्हटलं, बाबा रे, समुद्र पुरे झाला, माणसं जिथे खणतात तिथे ने. मग मी, बायको, पंच्याहत्तरी ओलांडलेली आई, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू असे सगळे गाडीने कूबर पीडीला गेलो. ओपल नावाच्या रत्नाच्या खाणींचं हे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं गाव, ॲडलेडच्या उत्तरेला ८४६ किलोमीटरवर. आता कुडाळ-सावंतवाडीकडचे ओळखीचे लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी तारखा. आपल्याकडे मे महिन्यात आंब्याच्या बागायतदाराला मान वर करायला सवड नसते, आणि खाणवाल्याला तर नाहीच, पावसाआधी जितका चिरा निघेल तितका काढायचा असतो. जूनमध्ये खाणीत पाणी भरलं की आम्ही मोकळे. नेमका तोच तिकडचा हिवाळा. कूबर पीडीला डिसेंबर-जानेवारीत पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला न्यायचं नावही काढू नका. जुलैत दिवसा १८-१९ अंश, रात्री पाच-सहा. नातवंडांना तिकडच्या शाळेची दोन आठवड्यांची सुट्टीही जुलैतच पडते. त्यात एकच गोम आहे, सगळा दक्षिण ऑस्ट्रेलिया त्याच सुट्टीत बाहेर पडतो, म्हणून जमिनीखालच्या खोल्या एप्रिलमध्येच धरून ठेवा. आणि परतीचं तिकीट गणपतीच्या आधीचं काढा, हे कोकणी माणसाला सांगायला नकोच.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी सांगतात, त्यामुळे त्यांचा अर्ज बाकीच्यांच्या आधी टाका. आपण स्वतः गाडी हाकणार असू तर सिंधुदुर्गनगरीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, तो वर्षभर चालतो. मूळ लायसन्स घरी ठेवू नका, दोन्ही बरोबर लागतात. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, तेवढं एक सुख आहे. सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत वेगळी सीट कायद्यानेच लागते. "मांडीवर बसेल की" हे तिकडे चालत नाही.

सामानात पेढे, बर्फी, खव्याचं काहीही भरू नका. भारतातून नेलेल्या दुधाच्या मिठाया विमानतळावर काढून घेतात. ताजी फळं, बियाणं, रोपं यांचाही विषय सोडून द्या. बाकी मसाला, सोलं, पापड जे काही असेल ते विमानातल्या छापील कार्डावर खरं खरं लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं आणि सापडलं तर जबर दंड आहे. डाळ-तांदूळ-मसाले ॲडलेडच्या भारतीय दुकानांत मिळतात. बॅग त्यासाठी फुगवायची गरज नाही.

आणि एक काम निघण्याआधी इथेच करा. पोरांना घेऊन आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीला जाऊन या. सुट्टीत गावी आलेली नातवंडं असतील तर हमखास. खाण म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहिलेलं नसेल तर तिकडे जाऊन त्यांना नुसती भोकं दिसतील. रेडीला लोहखनिजाच्या उत्खननाने लाल झालेली जमीन दिसते, तिथल्याच खाणीत १९७६ साली सापडलेला द्विभुज गणपती बघता येतो, आणि परतताना शिरोड्याची मिठागरं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडे. ओळखीतली एखादी चालू चिरेखाणही दाखवा, मशीनचं पातं जांभ्यात उभं-आडवं फिरतं आणि एका मापाचे चिरे सुटे होतात ते. लोह, मीठ, चिरा एका दिवसात होतं. नातवाने तेवढं पाहिलं होतं, म्हणून तिकडे त्याचे प्रश्न खाणवाल्याच्या नातवाला शोभतील असे होते.

रस्ता

आपल्या मुंबई-गोवा हायवेला दर पाच-दहा किलोमीटरवर वडापाव, चहा, पंक्चरवाला आणि एखादा लांबचा नातेवाईक असतो. त्यामुळे "वाटेत काहीतरी मिळेलच" हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. ही सफर सुखाची व्हायची तर तेवढी एक सवय घरी ठेवून निघा. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

एका दिवसात ८४६ किलोमीटर मारू नका. रस्ता इतका सरळ आणि मोकळा आहे की मुलगा म्हणेल "नऊ-साडेनऊ तासांत पोचू". म्हणू दे. जुलैत दिवस लहान, कूबर पीडीला पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि त्यानंतर रस्ता कांगारूंचा. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू नि एमू अचानक आडवे येतात, ताशी ११० च्या वेगात ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही. भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा, गावाबाहेर रात्री चालवली किंवा कच्च्या रस्त्यावर घातली तर विमा लागू नाही असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं.

म्हणून पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टाला, ३०५ किलोमीटरवर. समुद्राची लांब जीभ जमिनीत घुसलीय तिच्या टोकाला हे गाव आहे. यापुढे मासे नाहीत, त्यामुळे मत्स्याहारी मंडळींनी इथे जेवून घ्यावं. किंग जॉर्ज व्हायटिंग मिळाला तर सोडू नका, तो आपल्या मुडदुशीच्याच कुळातला मासा. आमच्या हिने पहिल्या घासाला ओळखला आणि वर "तिरफळ नाय घातल्यानी" अशी तक्रारही केली.

मोठं सुपरमार्केटही इथलं शेवटचं. इथेच माणशी दिवसाला निदान चार-पाच लिटरच्या हिशोबाने पाणी घ्या, आणि ठरलेल्या मुक्कामाहून एक दिवस जास्तीचं घ्या. गाडी बंद पडली तर मदत यायला किती वेळ लागेल सांगता येत नाही. बरोबर तांदूळ, डाळ, दही, पाव, बटाटे, आणि छोटा राईस कुकर. आईच्या गोळ्या एकाच पिशवीत न ठेवता दोन ठिकाणी वाटून ठेवा. पोर्ट ऑगस्टाला आणि कूबर पीडीला दोन्हीकडे हॉस्पिटल आहे, मधल्या ५४० किलोमीटरचा मात्र भरवसा धरू नका.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर निघा. पोर्ट ऑगस्टापासून १७१ किलोमीटरवर पिंबा. तिथे पेट्रोल, जेवण आणि संडास, तिन्ही उरकून घ्या. टाकी अर्धी असली तरी फुल करा. पिंबाहून सहा किलोमीटर आत वूमेरा आहे, १९४७ पासूनचं क्षेपणास्त्र चाचणीचं ठाणं. उघड्या मैदानात जुनी रॉकेटं मांडून ठेवलीत. नातू तिथून हलायला तयार नव्हता, तेव्हा लहान मूल असेल तर तासभर जास्तीचा धरा. यानंतर हायवेच्या दोन्ही बाजूंचा मुलूख बहुतेक संरक्षण खात्याचा आहे. हायवे सोडून "जरा आत जाऊन बघू" असं करायचं नाही.

पुढे लेक हार्ट लागतं, पाणी नावाला आणि पांढरं मीठ क्षितिजापर्यंत. थांबायला बांधीव जागा आहे. आमच्या आईने तिथे उभं राहून विचारलं, "ह्या मीठ कोण काढीत नाय?" कोणी काढत नाही. तिच्या जिवाला ते भारी लागलं.

पिंबाहून ११३ किलोमीटरवर ग्लेनडॅम्बो. तिथला पंप चालू आहे का हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि चालू असला तर पुन्हा टाकी भरा. कारण ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी हे २५४ किलोमीटर मध्ये काहीही नाही. सावंतवाडीहून निघून चिपळूण गाठेपर्यंत एक घर नाही, एक टपरी नाही, एक वळण नाही असं समजा. फोनला रेंज फक्त गावांत, तीही सगळ्या कंपन्यांची नाही, तेव्हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. गाडीची सावली धरून थांबा, येणारा-जाणारा विचारपूस करतोच.

रोडट्रेन नावाचे ट्रक दिसतील. एकामागे तीन ट्रेलर, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. डंपरमागे कट मारायची आपली सवय इथे जिवावर बेतेल. पुढचा रस्ता दूरवर मोकळा दिसला तरच ओव्हरटेक करा, नाहीतर मागे अंतर ठेवून गाणी ऐका. तो बाजूने जातो तेव्हा हवेच्या दणक्याने छोटी गाडी हलते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. रस्त्यात मेलेलं कांगारू आणि त्यावर बसलेला मोठा गरुड दिसला तर आधीच वेग कमी करा. ते पाखरू इतकं जड असतं की त्याला वेळेवर उडता येत नाही.

जमिनीखाली झोपणं

गावाच्या पंचवीसेक किलोमीटर आधीपासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना शंकूसारखे फिक्कट ढीग सुरू होतात, शेकड्यांनी. शिरोड्याच्या मिठाच्या राशी कोणी मैलोगणती मांडून ठेवाव्यात तसे. प्रत्येक ढिगाशेजारी एक भोक असतं, आणि ते झाकलेलं नसतं. याबद्दल पुढे सांगतो.

१ फेब्रुवारी १९१५ रोजी विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडला. वडिलांबरोबरची टोळी निघाली होती सोनं शोधायला, आणि त्या वेळी खरी शोधाशोध चालली होती पाण्याची. पहिल्या महायुद्धातून परतलेले शिपाई मग इथे आले. खंदकात राहायची सवय झालेली, त्यांनी टेकडीतच घरं खणली. बाहेर ४५ अंश असो नाहीतर पाच, आत बाराही महिने २३ ते २५. आज गावात दीड-दोन हजार माणसं आहेत आणि बरीचशी अजून तशाच घरांत राहतात. हॉटेलं, देवळंसुद्धा जमिनीखाली. सर्बियन लोकांचं चर्च चुकवू नका, छत कमानीसारखं कोरलेलं आहे आणि त्यावर मशीनच्या दातांच्या रेघा तशाच ठेवल्यात. मी त्या रेघांवरून हात फिरवत बराच वेळ उभा होतो. आमच्या खाणीच्या भिंतीवर पात्याच्या रेघा पडतात, पण त्या सरळ. इथे गोल गोल, एकात एक.

खडक मऊ आहे पण छत स्वतःचं स्वतः धरतो, खांब लागत नाहीत. धूळ झडू नये म्हणून भिंतींना चकचकीत लेप दिलेला असतो. आपला जांभा कापताना मऊ आणि वाऱ्यावर राहिला की टणक होतो, तशी यांना सोय नाही. मुलाने विचारलं, मग आपण का नाही खणत अशी घरं? कारण यांच्याकडे वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि आपल्याकडे तीन हजारांच्या वर. मिरग लागल्यावर आमच्या खाणीत डोकावलास कधी?

खोली घेताना तीन गोष्टी आधी विचारा. पायऱ्या किती, संडास खोलीला लागून आहे का, आणि खोली खरोखर जमिनीखाली आहे की फक्त जाहिरातीत. मागच्या खोल्यांना खिडकी नसते. दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी कळायचं नाही असा काळोख, आवाज शून्य. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी टॉर्च ठेवा आणि बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवा. आई म्हणाली, "हय सकाळ झाली ती कळतली कशी?" घड्याळाचा गजर लावणे हाच उपाय. कोणाला बंद जागेत घुसमटतं असेल तर त्यांच्यासाठी जमिनीवरची खोली घ्या, गावात मिळते. उगाच हट्ट करू नका.

पाणी गावाबाहेरच्या बोअरमधून येतं, मूळचं खारट, यंत्रातून गोड केलेलं आणि महाग. आपल्याकडे विहिरीवर पंप लावून सोडून देतात तशी आंघोळ तिकडे कोणी करत नाही. पाहुण्यानेही करू नये.

खाण, आणि ढिगारे चिवडणं

आता ती भोकं. ड्रिलने साधारण मीटरभर रुंदीचं भोक सरळ खाली पाडतात, ओपलचा थर लागतो का बघतात, नाही लागला तर शेजारी दुसरं. गावात पाट्याच आहेत: धावू नका, उलटं चालू नका. उलटं चालू नका हे फोटो काढणाऱ्यांसाठी. "अजून थोडी मागे हो" म्हणत माणूस नाहीसा होऊ शकतो. म्हणून खाणपट्ट्यात स्वतःहून पाय ठेवायचाच नाही, गाडीनेही नाही. माहितगाराबरोबरच्या फेरीतून जा, आणि उतरलात की पोराचा हात सोडू नका. बाकी सगळी पथ्यं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

लहान मुलं असतील तर ओल्ड टायमर्स माइन ही जुनी, हाताने खणलेली खाण आधी बघा. डोक्यावर हेल्मेट घालून आपल्या आपण फिरता येतं आणि भिंतीत ओपलची रेघ जागच्या जागी दिसते. थोरांना उमूना म्यूझियम जास्त आवडेल, तिथे हा सगळा प्रदेश एके काळी समुद्राखाली होता ते समजतं. आईला बसत बसत बघता आलं.

मला सगळ्यात जास्त भावला ब्लोअर. ट्रकवर बसवलेली अजस्र टाकी नि पंखा, त्याला जाडजूड पाइप, तो पाइप भोकातून खाली सोडलेला. खालचं मशीन खडक फोडतं, पाइप तो चुरा घराच्या व्हॅक्यूम क्लीनरच्याच तत्त्वावर वर ओढतो, टाकी भरली की खालचं झाकण आपोआप उघडतं आणि सगळं खाली ओतलं जातं. शंकूचे ढीग असे तयार होतात. आणि हे सगळं एकट्या-दुकट्या माणसाचं काम. एका पट्ट्याला ५० बाय ५० किंवा ५० बाय १०० मीटरची मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्यांना इथे शिरकाव नाही. दोन भागीदार, एक जुनं मशीन आणि नशीब. आम्ही चिरे काढतो तेव्हा खाली चिरा आहे हे ठाऊक असतं. हे लोक वर्षवर्ष खणतात आणि काही लागत नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी जातात. १९५६ साली इथेच सतरा हजार कॅरेटचा ओपल निघाला, मेलबर्नच्या ऑलिंपिकवरून त्याला ऑलिंपिक ऑस्ट्रॅलिस नाव दिलं. असं एक काही घडलं की पुढची दोन पिढ्या खणत राहतात.

पोरांसाठी खरी मजा नूडलिंगमध्ये. टाकून दिलेले ढीग चिवडून ओपलचे तुकडे शोधायचे. गावात यासाठी सर्वांना खुली जागा आहे, तिथेच करा. दुसऱ्याच्या खुंट्या मारलेल्या पट्ट्यात ढिगाला हात लावणं म्हणजे चोरी. बरोबर पाण्याची फवाऱ्याची बाटली, जुना चमचा आणि हातमोजे घ्या. दगड कोरडा असताना मातीसारखाच दिसतो. फवारा मारायचा, उन्हात तिरका धरायचा आणि सावकाश फिरवायचा. दुधी किंवा करडा काचेसारखा, रंग न खेळणारा निघाला तर तो पॉच, साधा ओपल, किंमत नाही. हिरवी किंवा तांबूस ठिणगी हलली तर खिशात टाका. आमच्या नातवाने तीन खिसे पॉच भरला आणि तो जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस होता. सकाळी दहाच्या आधी किंवा दुपारी तीननंतर तिरपं ऊन असतं, तेव्हा रंग लवकर दिसतात.

गावाबाहेर तीसेक किलोमीटरवर ब्रेकअवेज नावाच्या रंगीत टेकड्या आहेत. आत जायला परवाना लागतो, गावातच काढता येतो. रस्ता कच्चा, म्हणून भाड्याच्या गाडीवाल्यांनी फेरीने जावं. जवळच डिंगो कुत्र्यांना मेंढ्यांपासून लांब ठेवणारं कुंपण आहे, सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचं. नुसती तारेची जाळी, पण बघाच. थोडा पाऊस झाला तरी कच्चे रस्ते बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड. तिथल्या "थोड्या पावसा"त आपल्याकडे कोणी छत्रीसुद्धा उघडणार नाही, पण ती माती बसते चाकाला चिकटून.

ओपल घेताना

कासार्ड्याची सिलिका वाळू ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचा ओपल, फक्त पाणी धरून ठेवलेला. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे आत नीट रचून बसलेले असले की प्रकाश फुटून रंग दिसतात, रचना विस्कटलेली असली की पॉच. म्हणून दुकानात खडा एकाच बाजूने बघू नका, फिरवून बघा, आणि दुकानाचे दिवे सोडून दारात नेऊन बघा.

पहिला प्रश्न: सॉलिड, डब्लेट की ट्रिप्लेट? सॉलिड म्हणजे अख्खा ओपल. डब्लेट म्हणजे पातळ ओपल खाली काळ्या दगडावर चिकटवलेला, ट्रिप्लेटला वर पारदर्शक टोपीही असते. कडेने बघा, सरळ रेघेचा जोड दिसला तर चिकटवलेला आहे. चिकटवलेलं घेणं चूक नाही, स्वस्त पडतं आणि दिसतं छान, पण पाण्यात राहिलं तर जोडात ओल शिरून धुरकट होतं. भांडी-धुणी करणाऱ्या हातात डब्लेटची अंगठी घालू नका. आणि सॉलिडही हिऱ्यासारखा टणक नसतो, अंगठीत चरे पडतात. कुड्या किंवा गळ्यातलं घ्या. शुक्रासाठी ओपल घालायला कोणी सांगितलं असेल तर खडा ज्योतिषाकडून घेण्यापेक्षा इथे पाहून घेतलेला बरा. कोंदणही इथेच करून घ्या, आपल्याकडच्या सोनाराचा हात सोन्यावर बसलेला असतो, ओपल जरा जास्त दाबला किंवा तापला की तडकतो.

एकाच दुकानात ३०० डॉलर किंवा जास्तीची खरेदी केली आणि ६० दिवसांत देश सोडला तर विमानतळावर कर परत मिळतो. त्यासाठी पावती आणि वस्तू दोन्ही हँडबॅगेत ठेवा. तीच पावती मुंबईला किंवा मोप्याला कस्टमवाल्याने विचारलं तर उपयोगी पडते. नातवाचा तीन खिसे पॉच मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका, धुऊन, माती एक कणही न ठेवता.

परतताना कूबर पीडीलाच टाकी भरा, चाकांची हवा बघा आणि ऊन चांगलं चढल्यावरच निघा.